माहेरी पळणारी साळूबाई

आमच्या सासूबाईंनी एक्क्याण्णवाव्या वर्षी हट्ट धरला. तोबी असा, की घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं न्हाई. आता खरं सांगायचं तर त्या हट्ट करणाऱ्या बाईच न्हाईत. भाकर कडक झाली तर पाण्यात भिजवून खातील, पण तोंडातून शब्द काढणार न्हाईत. मला ह्या घरात येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत त्यांनी कधी लुगडं मागितलं न्हाई की दवाखान्यात न्या म्हणल्या न्हाईत. म्हणून तर समदे चकित झाले.

झालं असं, की मराठवाडा मुक्त झाल्याला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून आमच्या ग्रामपंचायतीनं एक काळा दगड आणला. मारुतीच्या पाराजवळ तो बसवायचा, आणि निजामाच्या राजवटीत ज्यांनी जिवावर उदार होऊन काम केलं त्यांची नावं त्याच्यावर कोरायची. सतरा सप्टेंबरला झेंडा, त्याच दिवशी दगडाचं उद्घाटन. यादी घेऊन ग्रामसेविका तृप्ती मॅडम आमच्या घरी आली. जुन्या जालन्याची पोरगी. स्कूटीवर येती-जाती, बोलायला गोड, पण कामाला बिलकुल पक्की. यादीत सात नावं, सातच्या सात बाप्यांची. तिसरं नाव माझ्या सासऱ्यांचं, आबाराव गाडेकर. एका घरचं एकच नाव, आणि त्याच्यापुढं वारसाची सही.

वारस म्हणजे आमचे मालक, कल्याणराव. मी नाव घेते त्यांचं. सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव जन्मात घेतलं न्हाई, पण मला काय त्याचं. तर कल्याणराव चष्मा शोधून राह्यले, मंग पेन शोधून राह्यले, आणि उंबऱ्यापाशी मुगाच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई मान वर न करता बोलल्या,

“त्येच्या जागी मपलं नाव लिवा.”

तृप्तीला वाटलं, म्हातारीला नीट कळलं न्हाई. ती वाकून मोठ्यानं म्हणली, “आजी, आजोबांचं नाव आलं म्हणजे तुमचं आलंच की.”

“मला ऐकू येतं. वरडू नको,” सासूबाई म्हणल्या. “त्येचं आलं म्हंजे मपलं कसं येईल? काम मी केल्तं. साळूबाई म्हणून लिवा.”

कल्याणराव आधी हसले. मंग हसू गेलं आणि कपाळाची शीर उठली. “आई, उगं काहीतरी बोलू नको,” म्हणले आणि सही करायला वाकले. सासूबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली आणि म्हणल्या, “कल्याण, सही केलीस तर मी सतरा तारखेला पाराजवळ येऊन बसन आणि समद्या गावाला सांगन.” तृप्तीनं शहाणपणा केला. यादी पिशवीत घातली, चहासुद्धा न घेता निघाली, आणि जाताना म्हणली, “आठ दिवसांनी ग्रामसभा आहे. तोवर तुमचं ठरवा. पण ज्याचं नाव द्याल त्याचा कागद पाहिजे, काका. नुसत्या बोलण्यावर मला लिहिता यायचं न्हाई.”

आता तुम्ही म्हणाल, एका म्हातारीनं नाव मागितलं त्यात एवढा गहजब कशाला. तर आमच्या गावात साळूबाई ह्या नावाची काय गत होती ते ऐका.

आमच्या गावात नवी सून आली, की हळद उतरायच्या आत तिला कुणीतरी सांगतंच, “साळूबाईवाणी पळू नको गं बाई.” सासूबाईंचं माहेर वऱ्हाडात, देऊळगावच्या अंगाला. ती हद्द तेव्हा नुकतीच इंग्रजाकडून सुटलेली, आमची अजून निजामाची, मधी करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा, नाका. नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती व्हायची. आणि ही सोळा वर्षांची पोर त्या एका सालात सात येळा माहेरी पळाली म्हणे. सासूशी भांडायची, बोचकं उचलायची आणि निघायची. धा-बारा दिवसांनी तोंड पाडून परत यायची. बायकांनी तिचं नावच ठेवलं पळपुटी. दळणाच्या गाण्यात घातलं तिला. तिच्या बरोबरीच्या बाया मेल्या, गाणं राहिलं. मी स्वतः ते ऐकलंय, माझ्याच लग्नात, माझ्याच सासूसमोर. सासूबाई तेव्हा चूल फुंकत होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाह्यलं न्हाई.

आणि मी का चिडून बोलून राह्यले त्याचंबी कारण सांगते. त्या पळण्याची शिक्षा मला झाली. माझं माहेर आष्टीचं, परतूरकडं. इकडून दोन गाड्या बदलून जावं लागायचं. सणाला जाते म्हणलं की कल्याणराव म्हणायचे, “आपल्या घरात एक पळपुटी झाली तेवढी बस्स.” हसत म्हणायचे, पण पाठवायचे न्हाईत. सत्याऐंशी साली माझ्या बापानं अंथरूण धरलं. निरोप आला, तोंड बघून जा. कल्याणराव म्हणले, पंचमी आठ दिवसांवर आलीय, पंचमीलाच जा, दोन्ही कामं होतील. बाप चौथ्या दिवशी गेला. मी गेले तेव्हा राखसुद्धा सावडून झाल्ती. त्या दिवसापासून मी सासूबाईंना तोंडानं आई म्हणत होते, मनातून न्हाई. काय सांगू, तुमच्या पायापायी माझा बाप मला दिसला न्हाई, असं कितींदा ओठापर्यंत आलं आणि गिळलं.

म्हणून त्या दिवशी तृप्ती गेल्यावर मी सासूबाईंसमोर फतकल मारून बसले. सूप मधी ओढलं आणि विचारलं, “कोणतं काम केल्तं तुम्ही? माहेरी पळायचं?”

“हां,” त्या म्हणल्या. “तेच.”

आणि मंग शेंगा सोलत सोलत बाईनं जे सांगितलं, ते ऐकून माझे हात थांबले, त्यांचे न्हाई.

माझे सासरे आबाराव बावीस वर्षांचे होते. हद्दीपलीकडच्या वऱ्हाडात मुक्तीवाल्यांचा कॅम्प होता. तिथून निरोप आणि सामान इकडं आणायचं काम त्यांना दिलं होतं. ते एकदाच गेले. दुसऱ्या खेपेच्या आधीच कुणीतरी त्यांचं नाव पोलिसाला सांगितलं. शिपाई घरी यायच्या आत माझ्या आजेसासूनं लेकाला मळ्यातल्या कडब्याच्या गंजीत घातलं. आतून पेंढ्या काढून खोपा केला, तोंडाशी पुन्हा पेंढ्या लावल्या. तिथं ते राहिले, पौषापासून भाद्रपदापर्यंत. गावाला सांगितलं, पोरगा पळाला, वऱ्हाडात गेला, कॅम्पात असंल.

“मंग काम कोण करणार?” सासूबाई म्हणल्या. “माझा बाप त्या कॅम्पाला धान्य पुरवायचा. त्यो पलीकडं, मी अलीकडं. पोरीनं बापाकडं जायाला काय लागतं? पर सारखं सारखं जायाला काहीतरी कारण पायजे. तर माझी सासू म्हणली, मी तुला छळते, तू पळ.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय. ती दारात उभी राहून मला शिव्या द्यायची. बापावरून, आज्यावरून. गल्ली गोळा व्हायची. मी रडायची, बोचकं घ्यायची आणि निघायची. एकदा शेजारची दुर्गी म्हणली, ह्या दोघी नुस्त्या तोंडानं भांडतात. तर सासूनं तिच्यादेखत माझ्या मुस्काटात हाणली. खरोखरची. कान दोन दिवस वाजत व्हता.” सासूबाई हसल्या. दात न्हाईत, पण हसू असं आलं, की सोळा वर्षांची पोर समोर बसल्यावाणी वाटली. “मंग मी परत आले तवा सासूनं मला मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावलं. म्हणली, लई लागली का गं? त्याच साली पटकीत गेली बिचारी. तिच्याबिगर कुणालाच ठावं न्हवतं.”

“सासऱ्यांना तर होतं ना?”

“मी जाते एवढं ठावं व्हतं.” मंग म्हणल्या, फौज आली, निजाम शरण गेला, तेव्हा आबाराव गंजीतून बाहेर आले. सूर्य सोसवंना, डोळे मिटून उभे होते, दाढी छातीपर्यंत आल्ती. गावकऱ्यांना वाटलं, कॅम्पातून आले. बँडबाजा लावून हार घातले, खांद्यावर घेऊन वेशीपासून पारापर्यंत मिरवलं. त्यांनी न्हाई म्हणायला तोंड उघडलं, पण ऐकतो कोण? एकदा हार गळ्यात पडल्यावर दुसऱ्या दिवशी कसं सांगावं, आणि तिसऱ्या दिवशी तर त्याहून अवघड. पंचवीस वर्षांनी सरकारनं मानधन सुरू केलं. साहेब तपासायला येणार, कधी गेलात, कोणत्या वाटेनं, काय आणलं, समदं विचारणार. आबारावांना काय ठावं?

“मंग मीच शिकवलं,” सासूबाई म्हणल्या. “महिनाभर. मी चुलीपुढं, ते पाटावर. पहिली खेप कोणत्या तिथीला, नाक्यावर कोण व्हतं, परत येताना काय काय व्हतं. बारक्या पोरावाणी पाठ करून घेतलं. चुकले की पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. साहेब आले तवा मी दाराआड उभी. घडाघडा म्हणून दाखवलं त्यांनी. मला बरं वाटलं. पास झाले.”

मी विचारलं, “तुम्ही ते सामान आणायच्या कशात? झडती घ्यायचे म्हणता.” तर म्हणल्या, “बायकाला जागेची कमी असती व्हय?” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मला हसू यायला पाहिजे होतं. मला रडू आलं, आणि रागबी. मी ओरडलेच, “मंग तुम्ही गप का राह्यल्या? माझा बाप गेला तेव्हा तरी बोलायचं! तुमच्या पळण्याच्या नावाखाली ह्यांनी मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं न्हाई. तुम्ही तिथं चुलीपाशी बसून ऐकत होत्या!”

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. माझा हात धरला. हाडकलेला हात, पण पक्का. “व्हय,” म्हणल्या. “ऐकत व्हते. त्या दिवशी मी बोलायला पायजे व्हतं. न्हाई बोलले. कल्याणला बाप मोठा वाटतो, त्येचा बाप त्येच्यासमोर लहान कसा करू, ह्याच इचारात राहिले. तुझा बाप गेला, आणि मी मपल्या नवऱ्याची अब्रू सांभाळत बसले. रेणुका, ह्यो गुन्हा मपला हाय. मरायच्या आधी कबूल करते.”

आता अशा बाईवर किती वेळ चिडून राहायचं? छत्तीस वर्षं साचलेलं होतं, ते एका दुपारी कसं निघंल, पण बरंचसं निघालं. मी डोळे पुसले आणि म्हणलं, “नाव तुमचंच लागंल. बघतेच मी कसं लागत न्हाई ते.”

कल्याणराव पंचायत समितीत कारकून होते, स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा म्हणून लागलेले. दर सतरा सप्टेंबरला शाळेत त्यांना खुर्ची, शाल, नारळ आणि भाषण. तीस वर्षं तेच भाषण. ‘माझे वडील सात वेळा मृत्यूच्या दाढेतून गेले.’ पोरांनासुद्धा पाठ झालंय. त्या माणसाला मी जेवताना सांगितलं, की तुमचे वडील गंजीत होते, दाढेतून तुमची आई गेली. त्यांनी ताट सारलं.

“म्हंजे मी चौतीस वर्षं खोट्या कागदावर नोकरी केली, असं म्हण ना. आणि अण्णांना, माझ्या मेलेल्या बापाला, आता दगडावरून खाली उतरवू? त्यांना आता नावाशिवाय दुसरं काय राह्यलंय?”

सासूबाई आतून म्हणल्या, “मेलेल्याला काय ऐकू येतंय? मी जित्ती हाय. मला रोज ऐकू येतं.”

तीन दिवस घरात अबोला. चौथ्या दिवशी कल्याणराव धुतलेला शर्ट घालून जालन्याला गेले. अण्णांनी साहेबांसमोर दिलेला जबाब सरकारी फायलीत आहे, त्याची नक्कल आणतो, ग्रामसभेत वाचतो आणि हा तमाशा मिटवतो, असं भाऊबंदांना सांगून गेले. दोन चकरा झाल्या तेव्हा फाईल सापडली. मी विचारलं, वाचला का? तर म्हणले, “बारीक अक्षर आहे, शाई उडालीय, मला दिसत न्हाई. वाचायचंय काय त्यात? मला तोंडपाठ आहे.” घडी घालून खिशात ठेवला.

ग्रामसभेला मी सासूबाईंना घेऊन गेले. एवढी वर्षं मी सून म्हणून कधी पुढं बसले न्हाई, त्या दिवशी प्लास्टिकची खुर्ची उचलून बराबर माइकच्या समोर ठेवली आणि त्यांना बसवलं. गावात बातमी पसरली होतीच. एरवी ग्रामसभेला पंधरा माणसं जमत न्हाईत, त्या दिवशी सभामंडप भरला. बाया मागं, खांबाआड. दुर्गाबाईसुद्धा आल्ती, नातवाच्या खांद्याला धरून. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. आमच्या सासूबाईंवरचं ते गाणं तिलाच सगळ्यात चांगलं येतं, म्हणून सांगते.

सरपंच भागवत उभा राहिला. म्हणला, “साळूआजी, आम्हाला तुमचा आदर आहे. पण दगडावर कोरायचं म्हंजे पुरावा पाहिजे. कल्याणकाकांनी आबारावांचा सरकारी जबाब आणलाय. तो मॅडम वाचतील. मंग विषय संपला.”

तृप्तीनं कागद घेतला, उजेडाला धरला आणि वाचायला लागली. “‘मी, आबाराव गाडेकर, वय शेहेचाळीस, धंदा शेती, जबाब देतो की, सन अठ्ठेचाळीस साली पौष ते भाद्रपद या काळात मी सात वेळा नाका ओलांडून वऱ्हाडात गेलो व परत आलो.’”

कल्याणरावांनी माझ्याकडं असं बघितलं, की बघ, म्हणलं न्हवतं?

“‘पहिली खेप पौष वद्य पंचमीस. परतताना निरोपाचे दोन कागद व काडतुसे वीस. नाक्यावर शिपाई सर्वांची झडती घेत. परंतु काडतुसे ओटीत असत…’”

तृप्ती थांबली. चष्मा वर केला, पुन्हा लावला. मंडपात कुणाला काही समजलं न्हाई. भागवत म्हणला, “वाचा की.”

“‘काडतुसे ओटीत असत. त्यावर पसाभर तांदूळ, खण, नारळ व हळकुंडे ठेवलेली असत. माहेरची भरलेली ओटी वाटेत रिकामी करीत नाहीत, म्हणून शिपाई तिला हात लावीत नसे.’”

पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. भागवत घसा खाकरून म्हणला, “ओटी म्हंजे, धोतराचा ओचा असंल. जुनी भाषा आहे.”

तेवढ्यात खांबाआडून दुर्गाबाईचा आवाज आला. म्हातारीचा आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. “का रे भागवत, धोतराच्या ओच्यात खण-नारळ कोण घालतं? तुझी भरल्ती का कुणी?”

असा हशा पिकला, की कबुतरं उडाली. तृप्तीसुद्धा हसली, पण तिचे डोळे कागदावर होते. हशा संपायच्या आत तिनं पुढची ओळ वाचली. “‘शिपायाने विचारल्यास, सासू छळते म्हणून माहेरी गेल्याचे सांगत असे.’”

मंग मात्र कुणी हसलं न्हाई.

कल्याणराव उठले. तृप्तीच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि एकेक अक्षर स्वतः वाचलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी त्यांची दया आली. एवढा मोठा माणूस, आणि भर मंडपात पोरासारखा उभा. “आई,” ते म्हणले, “अण्णांनी हे असं कसं सांगितलं?”

“मी जसं सांगितलं तसंच सांगितलं त्येनं,” सासूबाई म्हणल्या. “एक अक्षर बदललं न्हाई. इमानी माणूस व्हता.”

“मंग माझी नोकरी? ती खोट्यावरच…”

“खोट्यावर कशी? मी तुपली आई न्हाई व्हय?”

कल्याणराव मटकन खाली बसले. भागवत पोरगा बरा आहे, आपलं चुकलं की मान्य करतो. तो पुढं आला, वाकून सासूबाईंच्या पाया पडला आणि म्हणला, “आजी, आबारावांचं नाव काढतो. तुमचं घालतो. एका घरचं एक.”

“काढू नको,” सासूबाई म्हणल्या. माइक त्यांच्या तोंडापुढं धरला होता, पण त्यांना त्याची गरज न्हवती. “त्येचंबी राहू दे. आठ म्हैने त्या गंजीत बसणं सोपं न्हवतं. उंदरं अंगावर खेळायची. बाहेर त्येच्या बायकोला शिपाई दटावायचे आणि ह्येला आतून ऐकू यायचं, पर खोकायची सोय न्हाई. त्येनंबी सोसलं. लिवा त्येचं. फकस्त माझ्या खाली लिवा.”

त्या थांबल्या. मला वाटलं, झालं बोलून. पण त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला आणि पुन्हा बोलल्या.

“माझा राग एकाच गोष्टीचा हाय. हार घातले ते घातले. मानधन आलं, तेबी घरातच आलं, लेकरं जगली. त्येचं मला काहीच न्हाई. पर पन्नास वर्सं माझ्या हातची भाकर खाल्ली त्येनं. गाव मला पळपुटी म्हणायचं, आणि त्यो ताटावर बसून ऐकायचा. कधीतरी एकदा, नुस्तं एकदा, उठून म्हणायचं व्हतं, की अरे, ती पळत न्हवती. बस्स. मला दगड नको व्हता. त्येनं म्हणलं न्हाई म्हणून मला आता दगड मागावा लागला.”

मागं बायांच्यात कुणीतरी हुंदका दिला. दुर्गाबाई नातवाचा खांदा सोडून, लोकांच्या डोक्यांना धरत धरत पुढं आली आणि सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसली. “साळे,” म्हणली, “मला काय ठावं गं? माझ्या ह्या तोंडानं मी तुला जन्मभर…”

“तुला ठावं असतं तर मला पहिल्याच खेपेला नाक्यावर धरलं असतं,” सासूबाई म्हणल्या. “तुझ्या पोटात काही राहतं व्हय?” आणि दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून हसल्या, रडल्या, दोन्ही एकदमच चाललं होतं. मीबी रडले. लाजायचं काय त्यात.

तृप्तीनं यादी काढली. तिसऱ्या ओळीवर लिहिलं, साळूबाई गाडेकर. खाली आबारावांचं नाव लिहायला घेतलं आणि पेन थांबवून तिनं कल्याणरावांना विचारलं, “काका, बाकी सगळ्यांच्या नावापुढं काम लिहिलंय. कुणी तुरुंगात होतं, कुणी तारा तोडल्या. आजोबांच्या पुढं काय लिहू?”

समदे त्यांच्याकडं बघायला लागले. मला धाकधूक वाटली, की हे आता उठून निघून जातील. ते उठले. तीस वर्षं ज्या माइकवर बापाचं भाषण केलं, तो त्यांनी भागवतच्या हातातून घेतला.

“माझी आई पळत न्हवती,” ते म्हणले. “ऐका समद्यांनी. ती सात येळा गेली, आणि सात येळा परत आली. मीसुद्धा तिला पळपुटी म्हणलेलो आहे, घरात, बायकोला अडवायसाठी. मला माफ करा म्हणायला मी आईपुढं आणि हिच्यापुढं उभा आहे.” मंग तृप्तीकडं वळून म्हणले, “अण्णांच्या पुढं लिहा, साळूबाईंचे पती.”

माझ्याकडं बघायची त्यांची हिंमत होत न्हवती, मीच उठून त्यांना धरून आणलं. ते सासूबाईंच्या गुडघ्याशी बसले. सासूबाईंनी त्यांच्या पांढऱ्या केसांतून हात फिरवला, आणि माझ्या देखत म्हणल्या, “तुझ्या बापापरीस तू लई लौकर बोललास, लेकरा.”

कल्याणराव सदुसष्ट वर्षांचे आहेत.